झेंडा वर पोचेपर्यंत

माझं नाव पंचशील. या नावाच्या माणसाने दारू पिणं आमच्या गल्लीत शोभत नाही, म्हणून मी पीत नाही. विडी मला कधी जमलीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी खोकायला लागलो की नवा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. ज्यांनी पिऊन-ओढून छातीची वाट लावली त्यांनी निदान चार घटका मजा तरी केली. मी फुकटचा बदनाम झालो.

आणि हा खोकला यावा तरी कुणाच्या घरात? बिगुलवाल्याच्या! माझे आजोबा महूच्या पलटणीत बिगुल वाजवायचे. त्यांनी फुंकर मारली की अख्खी पलटण अंथरुणातून उठायची, असं ते सांगत. पेन्शनीत निघाले तेव्हा बिगुल त्यांच्याबरोबर इंदूरला आला. सरकारी बिगुल घरी कसा आला हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मोठ्या माणसांना काही गोष्टी विचारायच्या नसतात.

त्या बिगुलावरून आमच्या गल्लीत एक रिवाज पडला. चौदा एप्रिलला सकाळी गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखालच्या ओट्यावर, बांबूच्या काठीवर निळा झेंडा चढतो. झेंडा चढायला लागला की आमच्या घरातल्या माणसाने बिगुलाचा एकच लांब सूर धरायचा आणि झेंडा टोकाला पोचेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. मग जयजयकार, मग बुंदी, मग सगळे महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी. आधी आजोबांनी फुंकलं, मग वडिलांनी, मग मी. सूर तुटला तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो कधी तुटलाच नव्हता. "इनके घर में दम है, भिया," असं लोक म्हणायचे. मी ते डॉक्टरी सर्टिफिकेट समजून चाललो होतो.

आजोबांची एक ताकीद होती. फुंकताना डोळे मिटायचे. उघडे ठेवले की माणूस काठीकडे बघत बसतो आणि त्याचा धीर सुटतो. ही ताकीद मी जन्मभर पाळली, आणि तिनेच माझी शोभा झाली. ते पुढे येईल.

वडिलांच्या मागोमाग मीही गिरणीत लागलो. आधी कार्डिंगात, जिथे कापूस पिंजला जातो. तिथे दिवसभर हवेत इतकं कापसाचं तूस उडायचं की समोरचा माणूस म्हातारा झाल्यासारखा दिसायचा. मग मागावर गेलो आणि तिथे माझी कला बहरली. मागावरच्या धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याला सुई-बिई काही नव्हती. भोकाला ओठ लावायचे आणि सटकन श्वास आत ओढायचा, की सूत जिभेवर हजर. सुताबरोबर आणखी जे काय आत जायचं ते जायचं. बाकीच्यांना दोन-तीनदा ओढावं लागे, माझं एका झटक्यात काम. मला वाटायचं, आजोबांचा दम वाया गेला नाही. ते बाहेर फुंकायचे, मी आत ओढत होतो, एवढाच काय तो फरक. किती मोठा फरक होता ते कळायला अक्कल लागते, आणि ती मी बहुतेक गेटवर जमा करून आत जात होतो.

पाळी सुटली की आम्ही सगळे गुळाचा खडा तोंडात टाकायचो. छातीतला कापूस गुळाला चिकटून पोटात जातो, असं आमचं शास्त्र होतं. श्वासाची नळी वेगळी आणि अन्नाची वेगळी, हे कुणी येऊन सांगितलं असतं तरी आम्ही गूळ सोडला नसता. सुटीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची. पिणाऱ्यांना वाटायचं ही कालची उतरतेय. मी पीत नव्हतो, तरी मलाही तसंच व्हायचं. यावर मी काय विचार केला असेल? काही नाही. दोन खडे गूळ जास्त खाल्ला.

मग एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला गिरणी बंद पडली. भोंगा थांबला. देशात सगळं खुलं होत होतं म्हणे, आमचं तेवढं बंद झालं. महिनाभर आम्ही सवयीने गेटवर जाऊन उभे राहायचो, जणू काही ते आम्हाला बघून लाजेने उघडणार होतं. घरी मात्र मी शालिनीला, म्हणजे बायकोला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एका परीने बरंच झालं. आता कापूस नाही. छाती कशी धुतल्यासारखी होईल बघ."

आणि छाती धुण्यासाठी मी टेम्पो चालवायला घेतला.

राजवाडा ते भंवरकुआं. इंदूरचे त्या काळचे टेम्पो ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना काय सांगावं? तीन चाकं, पुढे लांब नाक, आत कोंबलेली माणसं आणि मागे काळा धूर. डिझेलमध्ये घासलेट मिसळलेलं असायचं, त्यामुळे धुराला एक वेगळीच चव होती. पुढच्या टेम्पोचा धूर मी खायचो, माझा मागचा खायचा, असा आमचा भाईचारा होता. त्यात रस्त्यावर रोज नव्या मोटारसायकली उतरत होत्या. भंवरकुआंच्या कोचिंगची पोरं नाकाला रुमाल लावून बसायची. मी आरशात बघून हसायचो. "अरे भिया, शहर की हवा है, खाओगे तो मजबूत बनोगे!" मजबुतीचा नमुना म्हणून मी समोर बसलेलोच होतो.

तिथेही माझी कला कामाला आली. एका टेम्पोतलं डिझेल दुसऱ्यात घालायचं तर रबरी नळी तोंडात धरून ओढावं लागतं. स्टँडवर हाक यायची, "पंचशील भिया, ज़रा खींच दो!" मी रुबाबात जायचो, नळीला ओठ लावायचो, एकच ओढ. कधी डिझेल हातात, कधी घशात. वर गुळाचा खडा. मालकसुद्धा म्हणायचे, ऐसा खींचनेवाला पूरे स्टँड में नहीं. वडिलांनी मला आठवीपर्यंत शिकवलं होतं ते बहुधा याचसाठी.

खोकला आला तो पाहुण्यासारखा आला आणि घरजावयासारखा राहिला. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग जिना चढताना. हिवाळ्यात साधी सर्दी झाली तरी ती छातीत उतरून महिनाभर मुक्काम ठोकायची. एप्रिलमध्ये बिगुल मात्र मी फुंकतच होतो, आणि झेंडा टोकाला पोचेपर्यंत सूर टिकतही होता. एकच गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटायची. डोळे उघडून वर बघावं तर झेंडा पूर्वी लिंबाच्या वरच्या फांदीच्या वर फडकायचा, आता फांदीच्या खाली. मी दगडूमामांना म्हणालोही, "मामा, लिंब काय वाढलाय हो!"

दगडूमामा म्हणजे गिरणीतले आमचे जुने मुकादम. झेंड्याची दोरी ओढायचा मान त्यांचा आणि काठीही वर्षभर त्यांच्याच घरी राहायची. ते वर बघून म्हणाले, "हाव भिया, खूब वाढला."

शेवटी शालिनीने मला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अरुंधतीबाई त्यांचं नाव, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, हडकुळ्या. त्यांनी एक पांढरी नळी माझ्या हातात दिली. तिच्यावर आकडे आणि एक सरकणारा काटा.

"काका, तोंडात धरा आणि जोरात फुंका. पूरा दम लावा."

दम म्हटल्यावर मी छाती फुगवली, नळी तोंडात धरली आणि जन्माची सवय, सटकन आत ओढलं. काटा जागचा हलला नाही.

"फुंका म्हटलं मी. ओढू नका."

मी मान हलवली, पुन्हा नळी लावली आणि पुन्हा ओढलं. शालिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "गिरणीत धोटा ओढायचे ना, बाई," तिने सांगितलं. "त्यांच्या ओठाला नळी लागली की ते ओढतातच."

तिसऱ्यांदा मी फुंकलं. काटा थोडा सरकला आणि थकल्यासारखा थांबला. मी नळी उलटीसुलटी करून बघितली, झटकली आणि निकाल दिला, "मशीन खराब आहे." बाईंनी नळीच्या तोंडाचा भाग बदलला आणि स्वतः फुंकून दाखवलं. काटा माझ्या दुपटीहून पुढे गेला. बिगुलवाल्याचा नातू एका हडकुळ्या बाईकडून हरला, आणि तेही बायकोदेखत.

मी चिडून विचारलं, "सगळा स्टँड तोच धूर खातो. मग मलाच का?"

"कारण त्यांच्या छातीला धूर एकटा भेटला," बाई म्हणाल्या. "तुमच्यात कापूस आधीच बसला होता. इतकी वर्षं त्याने आतल्या नळ्या सुजवल्या, अरुंद केल्या. अशा छातीवर धूर लवकर बसतो, साधी सर्दीसुद्धा जड जाते. स्टँडवरचे बाकीचेही पुढेमागे माझ्याकडे येणारच. तुम्ही पहिले आलात."

"म्हणजे इथेही मीच पहिला," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

त्यांनी तोंडात मारायचा औषधाचा पंप दिला आणि दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या, टेम्पो आणि बिगुल. टेम्पोचं मी म्हटलं बघू. बिगुलाचं ऐकूनच घेतलं नाही. शालिनी वाटेत म्हणाली, "अहो, यंदा राहू द्या ना." मी तिच्यावर खेकसलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मरायला नाही. सगळ्या गल्लीसमोर सूर तुटेल, याला. मरणाला एकदाच तोंड द्यायचं असतं, गल्लीला रोज द्यावं लागतं.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, सराव करायचा. तोही शहराच्या धुरात नाही, शुद्ध हवेत. एका रविवारी टेम्पो काढला आणि खंडवा रोडने थेट सिमरोल गाठलं. गव्हाची कापणी झालेली, वाऱ्याची झुळूक, माणूस ना काणूस. मी शेताच्या कडेला टेम्पो लावला, त्याच्या मागच्या बाजूला सावलीत उभा राहिलो, डोळे मिटले आणि फुंकायला लागलो. सूर निघेना. दोन फुंकरीत खोकला, पुन्हा फुंकर, पुन्हा खोकला. मला वाटलं, शुद्ध हवा अंगवळणी पडायला वेळ लागत असेल. इतक्यात शेतातून एक म्हातारबा ओरडला, "अरे भिया, हवा खाने आए हो तो गाड़ी तो बंद कर दो!"

डोळे उघडले. टेम्पोचं इंजिन चालूच होतं. तो एकदा बंद केला की धक्का मारल्याशिवाय चालू होत नसे आणि धक्का मारायला बरोबर कुणी नव्हतं, म्हणून मीच ते चालू ठेवलं होतं. शहर सोडून इतक्या लांब आलो तो स्वतःचा धूर बरोबर घेऊन, आणि उभा राहिलो तो नेमका त्याच्या तोंडाशी. म्हातारबाला मी हात जोडले आणि परत फिरलो.

चौदा एप्रिल आला. नवा सदरा घातला, बिगुल चिंचेने घासून लखलखीत केला, ओट्यावर उभा राहिलो. दगडूमामांनी दोरी धरली. समोर सगळी गल्ली, पुढच्या रांगेत माझी मुलगी संबोधी. मी मनात आजोबांना, बाबासाहेबांना, बुद्धालासुद्धा हाक मारली, डोळे मिटले आणि सूर लावला. छाती लगेच जळायला लागली. कानात गिरणीचे माग सुरू झाले. आता तुटतो, आता तुटतोच, असं वाटलं आणि त्याच घडीला जयजयकार झाला. डोळे उघडले तर झेंडा टोकाला. सूर तुटला नव्हता! मी खाली बसलो, पण असा बसलो की लोकांना वाटावं मुद्दाम बसलोय.

घरी येईपर्यंत मी फुगलेला होतो. शालिनी शेगडी पेटवत बसली होती. ती रोज सकाळ-संध्याकाळ तशीच बसते. फुंकणीने फुंकते, खोकते, डोळे पुसते, पुन्हा फुंकते. मी म्हणालो, "आण इकडे! बिगुलवाला घरात असताना तू कशाला फुंकतेस?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी फुंकणी हातात घेतली. ओठाला लावली.

आणि ओढली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सगळा धूर, राख, सगळं छातीत. मी लोळलो. फुंकणी पाण्याच्या बादलीत पडली. संबोधी पंप घेऊन धावली, शालिनी पाठ चोळत राहिली. जरा श्वास आला तसा मी बादलीतून फुंकणी काढून रागाने पुसली. काजळी निघाली आणि खालून निळा रंग दिसला. साधा निळा नाही, जांभळट निळा. तो रंग सगळ्या इंदूरमध्ये एकाच वस्तूला होता. झेंड्याच्या काठीला मीच तो घरी कालवून लावला होता आणि गल्ली मला त्यावरून अजून चिडवते.

"ही काठी आहे," मी म्हणालो. "आपल्या झेंड्याची."

शालिनी म्हणाली, "तुकडा आहे. दगडूमामांनी भोक पाडून दिला. पहिल्या वर्षीचा."

"पहिल्या?"

"दुसरा कपडे वाळवायच्या दोरीला टेकू लावलाय. यंदाचा त्यांच्याकडेच आहे. वाया कशाला घालवायचा?"

तर लिंब वाढला नव्हता! मी तसाच, धापा टाकत, दगडूमामांच्या दारात गेलो. बोलायला दम नव्हता म्हणून फुंकणीच समोर धरली. त्यांनी बघितलं आणि खाटेवर जागा करून दिली.

"बैठ पहले. देख, मी आधी दोरी जोरात ओढून बघितली. तुझा सूर संपायच्या आत झेंडा वर न्यायचा. पण भिया, कापूस मी पण खाल्लाय ना! माझाच दम फुलायला लागला. मग शालिनी म्हणाली, मामा, काठीच थोडी कापा. दरसाल शेंड्याकडून जरा जरा."

"गल्लीला ठाऊक आहे?"

"तुला सोडून सगळ्यांना."

मला राग आला होता. मी भांडायला म्हणून तोंड उघडलं आणि रडायला लागलो. ज्या गल्लीला मी घाबरत होतो ती इतकी वर्षं माझ्यासाठी काठी कापत बसली होती, आणि मी डोळे मिटून रुबाब करत होतो. दगडूमामांनी गुळाचा खडा पुढे केला. मी तो खाल्ला. उपयोग नाही हे आता मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असावं.

दुसऱ्या आठवड्यात मी शालिनीला अरुंधतीबाईंकडे नेलं. तिने पहिल्याच वेळी नीट फुंकलं. तिला कुठे धोटा ओढायची सवय होती? पण काटा सरकला आणि जवळजवळ माझ्याच जागी येऊन थांबला. गिरणी तिने फक्त बाहेरून पाहिली होती आणि टेम्पोत तिला उलटी होते म्हणून ती बसत नाही. बाई म्हणाल्या, हा शेगडीचा धूर. त्यावर बाहेर पोलोग्राउंडचे कारखाने, रस्ता, सगळं आहेच. इतकी वर्षं घरात दोन माणसं खोकत होती आणि मला एकच ऐकू येत होतं. कुठलं ते सांगायला नको.

टेम्पो मी सोडला. शालिनीसाठी गॅसचा नंबर लावला आणि तो लागला तेव्हा शेगडी परसात गेली. मला भंवरकुआंला पोरांच्या होस्टेलवर गेटमनची नोकरी मिळाली. गेट नेमकं टेम्पो थांबतात तिथेच आहे. आधी मी धूर सोडत होतो, आता बसून खातो. फरक इतकाच की मीही आता नाकाला रुमाल लावतो आणि टेम्पोवाले मला बघून हसतात.

पुढच्या एप्रिलच्या आधी मी दगडूमामांना सांगितलं, "नवा बांबू आणा. पूर्वीएवढा. संबोधी फुंकेल, दोरी मी ओढतो." दोन-चार म्हातारे कुरकुरले, पोरगी बिगुल फुंकणार का म्हणून. दगडूमामा म्हणाले, "घराण्याचा दम पाहिजे ना? आता तो तिच्यातच उरलाय."

त्या सकाळी संबोधी ओट्यावर उभी राहिली. तिला मी आजोबांची ताकीद सांगितली होती, पण तिने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघतच तिने सूर लावला. काय सूर होता तो! मी दोरी ओढायला लागलो. हात डोक्याच्या वर गेले तशी छाती भरून आली. अर्ध्यावर, लिंबाच्या खालच्या फांदीपाशी झेंडा थांबला, कारण मी थांबलो होतो. काठीला टेकून मी नुसता श्वास शोधत होतो. तिचा सूर चालूच होता, मग बारीक झाला आणि तुटला.

संबोधीने बिगुल ओठांवरून काढला नाही. तिने नाकाने पोटभर श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा धरला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. सगळी गल्ली वर झेंड्याकडे बघत राहिली, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी पुन्हा दोरी धरली, दोन हात ओढली, थांबलो, पुन्हा ओढली. तिने आणखी एकदा श्वास घेतला. झेंडा वरच्या फांदीच्या वर गेला, टोकाला लागला, आणि तेव्हाच तिने बिगुल खाली घेतला.

जयजयकारात दगडूमामा माझ्याजवळ आले. मी अजून काठीला धरूनच उभा होतो. ते कानात म्हणाले, "पंचशील, पुढल्या साली बांबू जरासा कापायचा का?"

बोलण्याइतका श्वास यायला मला वेळ लागला.

"नको, मामा," मी म्हणालो. "पोरगी थांबते."